कॅन्सर नाही, असं कुणीच म्हणत नव्हतं

दुखत काहीच नव्हतं. पुढे ज्या ज्या डॉक्टरांना हे सांगितलं, त्यांचा चेहरा ते ऐकून जास्तच गंभीर झाला. आमच्याकडे हिशेब उलटा असतो. दुखत नाही ना, मग तुला झालंय काय!

मी देवगड बंदरावरचा इंजिन मेकॅनिक. ट्रॉलर आणि लाँचची डिझेल इंजिनं उघडणं, पंप-नोझल बघणं, हेड उतरवणं यातच उमर गेली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि आमचा खरा हंगाम तेव्हाच. वयाच्या ६३व्या वर्षी, नेमकी मे महिन्याच्या अखेरीस, तळहात-तळपायांना खाज सुटली. रात्री जास्त. मग लघवी काळपट पिवळी होऊ लागली आणि शौचाचा रंग उडाला, मातकट पांढरा झाला. वजन आधीपासूनच उतरत होतं. मधुमेह आमच्या घरात कुणालाच नाही, तो मला त्याच वर्षी नव्याने निघाला होता. एका सकाळी बायकोने मला धरून खळ्यात उजेडाला आणलं.

"डोळे बघा आरशात. पिवळे जर्द दिसतत. दुखता काय खंय?"

"नाय."

"मगे?"

या 'मगे'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावात कावीळ उतरवणारे आहेत. चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली म्हणून सांगतात. शेजारच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, "आधी उतरवून घे, मगे जा डॉक्टराकडे." यकृताची साधी कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीने आपोआप जाते, आणि नाव उतरवणाऱ्याचं होतं. आमच्या डॉक्टरांनी मात्र खाज आणि शौचाचा रंग या दोनच गोष्टी विचारल्या आणि म्हणाले, "ही ती कावीळ नव्हे. पित्त तयार होतंय, पण आतड्यात उतरायची वाट बंद झालीय. वाट कुठे बंद आहे ते बघायला लागेल." बिलिरुबिन ११.८ आलं. नॉर्मल साधारण १ पर्यंत.

सोनोग्राफी कणकवलीला झाली. खडे नाहीत, पित्तनलिका फुगलेली, पित्ताशय तटतटलेलं आणि स्वादुपिंडाचं डोकं जाड. स्वादुपिंड पोटात आडवं असतं. उजवीकडचा जाड भाग म्हणजे डोकं, डावीकडे निमुळती होत गेलेली शेपटी. यकृताकडून येणारी पित्तनलिका या डोक्यातूनच आतड्यात उतरते. डोक्यात काहीही वाढलं की ती चेपते. म्हणून दुखण्याआधी माणूस पिवळा होतो.

सीटीसाठी फोंडा घाट चढून कोल्हापूर. पाऊस सुरू झालेला, घाटात धुकं, आणि मुलगा गाडी चालवताना एक शब्द बोलत नव्हता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की स्वादुपिंडाच्या डोक्यात साधारण साडेतीन सेंटिमीटरची गाठ असून ती कर्करोगाची असण्याची शक्यता जास्त आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणारी सीए १९-९ नावाची रक्ततपासणी १८६ आली, तिची मर्यादा ३७. मुलाने ते सगळं गाडीतच मोबाइलवर वाचून काढलं होतं, हे मला नंतर कळलं.

तिथल्या सर्जनांबद्दल मी कुठेही वाकडं बोलत नाही. त्यांनी कागदावर चित्र काढून ऑपरेशन समजावलं. स्वादुपिंडाचं डोकं, त्याला चिकटलेला लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा तुकडा आणि गरज पडली तर जठराचा थोडा भाग, हे सगळं काढायचं आणि उरलेलं पुन्हा आतड्याला जोडायचं. याला व्हिपल म्हणतात. जिथे ही ऑपरेशनं नेहमी होतात तिथेही शंभरातले दोन-चार जण त्यातून उठत नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही. मी विचारलं, तुकडा काढून आधी तपासणार नाही का? ते म्हणाले, "गाठ काढता येण्याजोगी असेल आणि चित्र स्पष्ट असेल, तर आम्ही बायोप्सीसाठी थांबतोच असं नाही. सुईत कॅन्सर आला नाही म्हणून तो नाही, असं मला म्हणता येणार नाही. मग थांबून मिळवलं काय?"

हे उत्तर तेव्हा मला उद्धट वाटलं होतं. आज वाटतं, एवढं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर थांबत नाही. काढता येण्याजोगा आहे तोवरच काढावा लागतो, आणि ती वेळ बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

घरी आलो तर घर माणसांनी भरलेलं. कुणी गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलात जा म्हणत होतं, कुणी मुंबईच्या टाटाला. बायकोने रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं होतं. पुतणी मुंबईला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिने फोनवर रिपोर्ट वाचून घेतला आणि विचारलं, "काका, यात स्वादुपिंडाच्या नळीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. ती फुगलीय की नाही? नुसता कागद नको, सीटीची सीडी घेऊन या. ऑपरेशनची तारीख राहू दे, पण त्याआधी एकदा इथे दाखवू." कणकवलीहून कोकणकन्या पकडली. रात्रभर खाजवत बसलो. समोरच्या बर्थवरचा पोरगा आईला हळूच विचारत होता, या आजोबांचे डोळे असे का.

मुंबईच्या पोटविकारतज्ज्ञांनी माझ्याकडे बघायच्या आधी सीडी बघितली, बराच वेळ. मग पडदा आमच्याकडे वळवला. स्वादुपिंडाच्या मधोमध एक नळी असते, पाचकरस वाहून नेणारी. डोक्यात कॅन्सरची गाठ बसली की ती सहसा ही नळीही दाबते. मागचा रस तुंबतो, नळी फुगते, आणि शेपटीकडचा भाग हळूहळू सुकत जातो. माझी नळी डोक्यात लांबवर अरुंद झाली होती, पण मागे फारशी फुगलेली नव्हती. शेपटी सुकलेली नव्हती, उलट तीही किंचित भरलेली होती, आणि कडेने एक फिकट किनार दिसत होती. "एवढ्या मोठ्या गाठीच्या मागे असं शांत असायला नको," ते म्हणाले. मग उठून त्यांनी माझ्या जबड्याखाली दोन्ही बाजूंनी बोटं दाबली.

"या गाठी केव्हापासून?"

आहेत कधीच्या. त्या मोजायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दुखत नाहीत ना! लाळेच्या ग्रंथी सुजलेल्या होत्या. तोंड कोरडं पडतं का, डोळे चुरचुरतात का, दमा किंवा ॲलर्जी आहे का, असं त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि एक रक्ततपासणी लिहिली: आयजीजी४, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडाचं मोजमाप.

त्या दिवशी पहिल्यांदा 'ऑटोइम्यून पॅनक्रियाटायटिस' हे नाव ऐकलं. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच स्वादुपिंडावर उलटते. तिथे पेशींची गर्दी होते, तंतू साचतात, भाग जाड आणि टणक होतो आणि पित्ताची वाट दाबतो. कधी सगळं स्वादुपिंड सुजतं, कधी एकच भाग, आणि तो एकच भाग सुजला की चित्रात तो गाठच दिसतो. याचे दोन प्रकार. पहिला साधारण साठीच्या आसपासच्या पुरुषांत जास्त. त्यात लाळग्रंथी, पित्तनलिका, मूत्रपिंड असे इतर अवयवही धरले जातात आणि रक्तात आयजीजी४ वाढतं. दुसरा तरुण माणसांतही दिसतो, त्यात आयजीजी४ सहसा वाढत नाही आणि आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसशी त्याचं नातं असतं. कावीळ, वजन उतरणं, नवा मधुमेह, साठी ओलांडलेला पुरुष: पहिल्या प्रकाराची ही लक्षणं आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरची लक्षणं शेजारी शेजारी मांडली तर कुठली कुठल्याची, हे सांगता यायचं नाही.

हा आजार फार जुना म्हणावा तर तसाही नाही. फ्रान्समध्ये सार्ल आणि सहकाऱ्यांनी १९६१मध्ये असा एक रुग्ण नोंदवला होता. ऑटोइम्यून पॅनक्रियाटायटिस हे नाव जपानमध्ये १९९५ला पुढे आलं. आणि अशा रुग्णांच्या रक्तात आयजीजी४ वाढलेलं असतं, हे जपानच्याच हामानो यांच्या गटाने २००१मध्ये दाखवलं. म्हणजे मी आणखी पंचवीस-तीस वर्षं आधी पिवळा झालो असतो, तर ही तपासणी लिहायचं कुणाला सुचलंच नसतं. आजही चांगल्या सर्जनांनी कॅन्सर समजून काढलेल्या काही स्वादुपिंडांत शेवटी हाच आजार निघतो.

आयजीजी४ आलं ३९६. मर्यादा साधारण १३५ ते १४०. पुतणी फोनवर ओरडलीच, "काका, सुटलात!" डॉक्टर मात्र सुटलात म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की स्वादुपिंडाचा कॅन्सर असलेल्या दहातल्या एखाद्या माणसातही हे आयजीजी४ थोडं वाढलेलं सापडतं. मर्यादेच्या दुपटीच्या वर गेलेलं मात्र कॅन्सरमध्ये क्वचितच. माझं दुपटीच्या वर होतं, म्हणून पारडं झुकलं. झुकलं, एवढंच. दुसऱ्या बाजूने सीए १९-९चंही तसंच. पित्त तुंबलं की कॅन्सर नसतानाही ते वाढतं. आणि काही माणसांच्या शरीरात ते तयारच होत नाही, त्यांना कॅन्सर असला तरी ते वर जात नाही.

मला हे समजायला सोपं गेलं. इंजिनातून काळा धूर आला तर नुसत्या धुरावरून नोझल खराब की एअर फिल्टर चोंदलेला की लोड जास्त, ते कळत नाही. दोन-तीन गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवायला लागल्या की मग पाना हातात घ्यायचा. मुलाला मात्र हे सहन होत नव्हतं. त्याला हो किंवा नाही हवं होतं.

पुढची पायरी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. तोंडातून नळी घालतात, तिच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा डोळा असतो. लहान आतड्यात पोचलं की स्वादुपिंडाचं डोकं भिंतीपलीकडेच असतं. तिथून सुई मारून तुकडे काढतात. मला गुंगीचं औषध दिलं होतं, त्यामुळे आठवतं ते फक्त तोंडात बसवलेलं प्लॅस्टिकचं कडं आणि जागा झाल्यावर घशाला झालेली कोरड. त्यानंतर ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातूनच दुर्बीण घालून, पित्तनलिकेत प्लॅस्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवला. खाज काही दिवसांत गेली. मला त्या वेळी कॅन्सरपेक्षा खाज जास्त छळत होती, हे सांगायला हरकत नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट यायला वेळ लागला, कारण आयजीजी४साठी खास रंग देऊन तुकडा पुन्हा बघायचा होता. रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या संरक्षण करणाऱ्या पेशींची दाट गर्दी, गोल गोल फिरलेले तंतू, आणि सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात आयजीजी४च्या दहापेक्षा जास्त पेशी.

मग डॉक्टरांनी आम्हाला बसवलं आणि जे सांगितलं ते मला शब्दशः आठवत नसलं तरी आशय पक्का आठवतो. सुईला कॅन्सर सापडला नाही, याचा अर्थ सुई जिथे गेली तिथे तो नव्हता. कॅन्सर असलेल्या माणसांतही ही सुई दहातल्या एखाद्या वेळी हुकते. शिवाय कॅन्सरच्या गाठीभोवतीसुद्धा सूज असते आणि त्या सुजेत आयजीजी४च्या पेशी सापडू शकतात. कडेचा तुकडा आला तर कॅन्सर आपल्या अंगावर दुसऱ्याच आजाराचा अंगरखा घालून बसलेला असू शकतो. म्हणून एका कागदावर निकाल द्यायचा नाही. चित्र, रक्त, इतर अवयव, तुकडा, आणि शेवटी औषधाला मिळालेला प्रतिसाद, या पाचही गोष्टी एकत्र वाचायच्या. २०११मध्ये ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष याच पाच गोष्टींवर उभे आहेत.

औषध म्हणजे स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन. ऑटोइम्यून असेल तर दोन आठवड्यांत चित्रात फरक दिसायला हवा. नसेल, तर ते दोन आठवडे कॅन्सरला फुकट दिल्यासारखे. म्हणूनच बायोप्सी झाल्याशिवाय या गोळ्या सुरू करायच्या नाहीत, यावर त्यांचा कटाक्ष होता. ऑपरेशनची कोल्हापूरची तारीखही त्यांनी रद्द करायला सांगितली नाही, पुढे ढकलायला सांगितली. सर्जनांशी ते स्वतः फोनवर बोलले. गोळ्यांच्या आधी छातीचा एक्स-रे, क्षयाची चौकशी आणि हेपेटायटिस बीची तपासणी झाली. आपल्याकडे क्षय स्वादुपिंडातही बसतो आणि गाठच दिसतो, आणि क्षय अंगात असताना स्टेरॉइड दिलं तर तो पेटतो.

४० मिलिग्रॅम रोज सकाळी, खाऊन. चौथ्या-पाचव्या दिवशी भूक अशी लागली की पहाटे उठून मी पेज मागू लागलो. अंगात जोर आला, झोप उडाली, रात्री दोनला खळ्यात बसून जुने पंप साफ करायचो. साखर तीनशेच्या वर गेली आणि इन्सुलिन घ्यायला लागलं. फणस पिकून परसात पडत होते आणि बायको मला गरे दाखवून घरात नेत होती. सगळ्यांना वाटू लागलं, झालाच बरा! इथे पुतणीने सगळ्यांना झापलं. स्टेरॉइडने कुणालाही बरं वाटतं, कॅन्सर असलेल्यालाही वाटतं. कावीळ उतरतेय ती स्टेंटमुळे. सीए १९-९ उतरेल तेही स्टेंटने पित्ताची वाट मोकळी केल्यामुळे असू शकतं. मग पुरावा कुठला? तर दुसरं सीटी.

त्या दोन आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही. धाकटा भाऊ रोज संध्याकाळी येऊन बसायचा आणि पावसाबद्दल बोलायचा.

दुसऱ्या सीटीत गाठ उरली नव्हती म्हटलं तरी चालेल. डोकं जवळजवळ नेहमीच्या आकाराचं, किनार गेलेली, शेपटीची सूज उतरलेली, अरुंद झालेली नळी मोकळी. जबड्याखालच्या गाठीही हाताला लागेनाशा झाल्या होत्या. डॉक्टर पहिल्यांदा हसले. त्यांनी हेही सांगितलं की गाठ नुसती थोडीशी लहान झाली असती, तर त्यांनी तो पुरावा मान्य केला नसता. कॅन्सरभोवतीची सूजही स्टेरॉइडने थोडी उतरते. अर्धवट प्रतिसाद म्हणजे ऑपरेशनकडे परत. कोल्हापूरच्या सर्जनांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, "चांगलं झालं. आता गोळ्या मनाने बंद करू नका." पुढे काही दिवसांनी स्टेंट काढला, आणि गोळी दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने उतरवत आणली.

मग मी तो प्रश्न विचारला जो घरात कुणी विचारत नव्हतं. आज कॅन्सर नाही, पण या आजाराचा उद्या कॅन्सर होतो का?

याचं उत्तर सरळ नाही, असं ते म्हणाले, आणि नंतर मी पुतणीकडून समजून घेतलं तेव्हा पटलं. जपानमधल्या क्योटोच्या डॉक्टरांनी २०१३मध्ये १०८ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत कॅन्सरचं प्रमाण अडीच पटीहून जास्त निघालं, आणि निदानानंतरच्या पहिल्या वर्षात तर सहापट. ते कॅन्सर नुसत्या स्वादुपिंडाचे नव्हते, वेगवेगळ्या अवयवांचे होते. त्यावरून असा विचार पुढे आला की काही जणांत क्रम उलटा असेल. शरीरात कुठेतरी कॅन्सर आधी असतो, त्याच्याशी लढता लढता संरक्षणाची यंत्रणा बिथरते आणि स्वादुपिंडावर उलटते. इतर काही अभ्यासांत मात्र अशी वाढ दिसलेली नाही. खुद्द स्वादुपिंडाचा कॅन्सर या रुग्णांत होतो तेव्हा होतो, पण तो क्वचितच नोंदला गेलाय. या सुजलेल्या स्वादुपिंडांत कॅन्सरच्या आधीचे सूक्ष्म बदल आणि केआरएएस जनुकातला बिघाडही काहींना सापडला आहे. तोच बिघाड स्वादुपिंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये असतो. पण बिघाड सापडणं आणि कॅन्सर होणं यात अंतर आहे.

माझ्यापुरतं याचं भाषांतर डॉक्टरांनी करून दिलं: पहिलं वर्ष डोळ्यांत तेल घालून, आणि फक्त स्वादुपिंड बघून थांबायचं नाही. प्रोस्टेट, फुप्फुसं, जठर, आतडं, सगळं एकदा बघून झालं. मला तो त्रास वाटला नाही. इंजिन खोललंच आहे तर सगळ्या सीली बघून घ्याव्यात.

एका भेटीत त्यांनी कामाचं विचारलं. डिझेल, ऑइल, थिनर, बोटीचे रंग, घासलेल्या रंगाची धूळ. नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांना २०१४च्या सुमारास असं आढळलं होतं की या आजाराच्या रुग्णांत अंगमेहनतीची, सॉल्व्हंट आणि तेलाशी संबंध येणारी कामं वर्षानुवर्षं केलेली माणसं बरीच आहेत. त्यानेच आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बायकोने मात्र एकदाच ऐकलं, आणि थिनरचे डबे त्याच आठवड्यात पडवीतून बाहेर गेले. आता मास्क आणि हातमोजे घालून काम करतो. बंदरावरची पोरं हसतात. हसू देत.

गोळ्या पूर्ण बंद झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा खाज आली. पहिल्या प्रकारात बऱ्याच जणांना हे होतं, स्टेरॉइड थांबल्यावर जास्तच. मला ते आधी सांगितलेलं होतं, तरी पाय गळाले. या वेळी पित्तनलिका वरच्या बाजूला, यकृताजवळ अरुंद झाली होती. तिथे पित्तनलिकेचा कॅन्सरही होतो आणि तोही असाच दिसतो. म्हणजे एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या वाटांचं एमआरआय, पुन्हा ईआरसीपी, नलिकेत ब्रश फिरवून पेशी काढणं, पुन्हा आयजीजी४. ते वाढलेलं होतं, सीए १९-९ नॉर्मल होतं, पेशी साफ होत्या. पुन्हा स्टेरॉइड, सोबत संरक्षणाच्या यंत्रणेला आवर घालणारं अझाथायोप्रिन, आणि या वेळी प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमवर आणून तिथेच ठेवलंय. जपानमध्ये अशी छोटी मात्रा तीन वर्षांपर्यंत चालू ठेवण्याची पद्धत आहे. साखरेसाठी इन्सुलिनऐवजी आता गोळ्यांवर भागतं. जेवताना स्वादुपिंडाच्या एन्झाइमची कॅप्सूल घेतो, कारण सुजेतून सुटलेलं स्वादुपिंड पूर्वीइतका पाचकरस देत नाही. बांगडा खातो, तळलेला कमी.

माझी गोष्ट पंचक्रोशीत पसरली ती अशी: "त्याका कॅन्सर सांगितलेनी, आणि गोळयेन बरो झालो." ही गोष्ट अशी पसरणं धोक्याचं आहे, हे मला राजापूरकडच्या एका माणसाचा फोन आला तेव्हा कळलं. त्याच्या भावाच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती, ऑपरेशन सांगितलं होतं, आणि कुणीतरी आयजीजी४ करून घेतलं ते १६८ आलं होतं. त्याला माझ्याकडून फक्त गोळीचं नाव आणि मात्रा हवी होती. दोन महिने घेऊन बघतो, नाही गुण आला तर ऑपरेशन, असा त्याचा बेत होता.

मी रिपोर्ट वाचून दाखवायला सांगितला. स्वादुपिंडाची नळी ८ मिलिमीटर फुगलेली. शेपटी सुकलेली. सीए १९-९ हजाराच्या वर, आणि कावीळ नावालाच. लाळग्रंथी, मूत्रपिंडं साफ. मी डॉक्टर नाही, पण माझ्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून जे दाखवलं होतं त्याच्या नेमकं उलट हे होतं, एवढं मला कळत होतं. मी गोळीचं नाव सांगितलं नाही. तो चिडला. "तुमका मिळाला, आमका नको काय?" असं म्हणाला. मी डॉक्टरांचा नंबर दिला आणि त्याच आठवड्यात जा म्हटलं, बायोप्सी करायची तर करतील, पण गोळ्या घेत घरी बसू नका.

ते गेले. सुईत कॅन्सरच निघाला, आणि तो अजून काढता येण्याजोगा होता. ऑपरेशन वेळेत झालं. भाऊ सध्या केमोथेरपीसाठी कोल्हापूरला जा-ये करतो. परवा त्याचाच फोन आला होता. एन्झाइमच्या कॅप्सूल जेवण झाल्यावर घ्यायच्या का, म्हणून विचारत होता. नंतर नाही, पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या, असं सांगितलं. हे मला नक्की माहीत होतं.